दहा सेकंदांपासून दोन महिन्यांपर्यंत

कॅज्युअल्टीत एक रुग्ण येतो. छातीत धडधड, नाडी मिनिटाला १८० च्या पुढे, ईसीजीवर एसव्हीटी. डॉक्टर ॲडेनोसिन सांगतात. ६ मिलिग्रॅम, दोन मिलीची लहानशी ॲम्प्यूल. ते देण्याची पद्धत मात्र इतर कुठल्याही इंजेक्शनसारखी नाही. कोपराच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या शिरेत जाड कॅन्युला, त्याला थ्री-वे, एका तोंडाला औषधाची सिरिंज आणि दुसऱ्या तोंडाला २० मिली सलाईन. औषध झटक्यात ढकलायचं, पाठोपाठ तितक्याच वेगाने सलाईन, आणि हात वर उचलून धरायचा. मनगटाजवळच्या बारीक शिरेतून सावकाश दिलं तर औषध हृदयाशी पोहोचण्याआधीच संपून जातं. तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर त्याला ओढून घेतात आणि मोडून टाकतात. ॲडेनोसिनचं अर्धायुष्य दहा सेकंदांहून कमी आहे.

या थोड्या सेकंदांत रुग्णाला छाती आवळल्यासारखं होतं, चेहरा लाल होतो, ‘आता मी जातो’ असं वाटतं. मॉनिटरवर काही क्षण सरळ रेघ येते. ज्या सिस्टरने आधीच सांगितलेलं असतं की ‘काका, थोडा वेळ फार विचित्र वाटेल, लगेच जाईल, मी इथेच आहे’, तिच्या रुग्णाची भीती निम्मी होते. दम्याच्या रुग्णाला हे औषध देताना फार सावध राहावं लागतं, कारण त्याने श्वासनलिका आवळू शकतात. आणि दम्यासाठी ज्याला नेहमी डेरिफायलिन चालू आहे, त्याच्यावर ॲडेनोसिन नीट चालतही नाही. त्यातलं थिओफायलिन ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. चहा-कॉफीतलं कॅफिनही थोड्या प्रमाणात हेच करतं.

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत औषधांचे तक्ते असतात. गट, कार्य, मात्रा, दुष्परिणाम, परिचारिकेची जबाबदारी. तक्ते पाठ होतात, परीक्षा सुटते, आणि आयसीयूत पहिल्या रात्री सहा सिरिंज पंप एकदम समोर आले की त्यातलं काहीही आठवत नाही. माझं मत असं आहे की अतिदक्षता विभागातल्या औषधांसाठी तक्त्याचा पहिला रकाना वेळेचा असावा. औषध शरीरात किती काळ राहतं, हे कळलं की बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप लागत जातात. रुग्णाकडे किती मिनिटांनी पाहायचं, सिरिंज बदलताना किती घाई करायची, चूक झालीच तर तिचा त्रास किती वेळ पुरणार, हे सगळं त्या एका आकड्यात असतं.

रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य, वॉर्डातल्या बोलीत हाफ-लाइफ. पहिल्या हाफ-लाइफनंतर निम्मं उरतं, दुसऱ्यानंतर पाव. असे पाच टप्पे गेले की सुमारे ९७ टक्के औषध गेलेलं असतं. उलट बाजूही तीच. एकाच वेगाने औषध चालू ठेवलं तर रक्तातली पातळी स्थिर व्हायलाही साधारण पाच हाफ-लाइफ लागतात. ज्याचं आयुष्य मोठं आहे त्याला सुरुवातीला लोडिंग डोस का देतात, याचं उत्तर इथेच मिळतं. पातळी आपोआप चढायची वाट पाहायला रुग्णाकडे तेवढे दिवस नसतात.

आता मिनिटांचं आयुष्य असलेली औषधं. आयसीयूचं खरं जग हेच आहे, आणि परिचारिकेचा हात इथे सर्वांत जास्त लागतो. नॉरॲड्रेनॅलिन, ॲड्रेनॅलिन, डोपामिन, डोब्युटामिन या सर्वांचं हाफ-लाइफ दोन-तीन मिनिटांच्या आसपास आहे. ‘पेशंट सपोर्टवर आहे’ असं ओव्हर घेताना ऐकू येतं, तेव्हा बहुधा यांच्यापैकीच एखादं चालू असतं. आपल्याकडे या सगळ्यांना सरसकट ‘आयनोट्रोप्स’ म्हणायची सवय पडली आहे, आणि ती सोडायला हवी. डोब्युटामिन हृदयाचं आकुंचन वाढवतं. नॉरॲड प्रामुख्याने रक्तवाहिन्या आवळतं. एकाच नावाखाली दोन्ही टाकली की कशाने काय व्हायला हवं होतं, हेच ध्यानात राहत नाही.

हा फरक समजायला १९४८ साल उजाडावं लागलं. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं की ॲड्रेनॅलिनच्या घराण्यातली औषधं दोन वेगळ्या प्रकारच्या रिसेप्टरांवर काम करतात, आणि त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. ढोबळमानाने अल्फा रक्तवाहिन्या आवळतो, बीटा हृदयाची गती आणि जोर वाढवतो. याच कल्पनेवरून जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल घडवलं आणि १९८८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आज आयसीयूत जी औषधं दिसतात, त्यांतली कितीतरी या दोन अक्षरांच्या भोवती फिरतात.

सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीर पेटलेलं असताना, रक्तवाहिन्या सैल पडतात. सलाईन देऊनही रक्तदाब उभा राहत नाही. अशा वेळी पहिली निवड नॉरॲडची. पूर्वी डोपामिन फार चालायचं. कमी मात्रेतलं डोपामिन मूत्रपिंडांना वाचवतं, ही समजूत तर पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आयसीयूंनी मिळून केलेल्या चाचणीत त्याचा काही उपयोग दिसला नाही. २०१० मध्ये १,६७९ रुग्णांवर डोपामिन आणि नॉरॲड यांची थेट तुलना झाली. मृत्यूंच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही, पण हृदयाचे ठोके बिघडण्याचं प्रमाण डोपामिनच्या गटात जवळजवळ दुप्पट निघालं. तरीही काही वॉर्डांत ‘किडनी डोस’ हा शब्द अजून ऐकू येतो. तो ऐकला तर विद्यार्थ्याने नम्रपणे विचारावं की हा डोस नेमका कशासाठी आहे.

नॉरॲड चालवताना पाहायचा आकडा म्हणजे मीन प्रेशर. खालचा दाब दोनदा, वरचा एकदा, बेरजेला तीनने भागायचं. बहुतेक रुग्णांत लक्ष्य ६५. वरचा दाब ९० दिसला की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, पण ९०/५० चं मीन ६३ येतं. ते अजून कमी आहे. नॉरॲडचं आयुष्य दोन-अडीच मिनिटांचं असल्यामुळे वेग बदलल्यावर पाच मिनिटांत काहीतरी दिसायला हवं आणि दहा-बारा मिनिटांत पूर्ण परिणाम. वेग वाढवला आणि तासाने चार्टवर आकडा लिहिला, असं या औषधाशी वागताच येत नाही. त्याचबरोबर लघवी तासाला किती होते, हातापायांची बोटं काळवंडत नाहीत ना, रुग्ण हाकेला कशी ओ देतो, हेही पाहायचं. मीन ६५ असूनही लघवी आटली असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

गणित एकदा कागदावर करून पाहा. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम नॉरॲड, म्हणजे दर मिलीत ८० मायक्रोग्रॅम. रुग्णाचं वजन ६० किलो, मात्रा किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. ३६० ला ८० ने भागलं की तासाला ४.५ मिली. तीच सिरिंज कुणी ‘डबल स्ट्रेंथ’ करून भरली आणि लेबलवर लिहिलं नाही, तर ४.५ वर चालणारा पंप दुप्पट औषध देतो. आणखी एक खाच आहे. ॲम्प्यूलवर मात्रा बायटार्ट्रेट या क्षाराची लिहिली आहे की शुद्ध नॉरॲड्रेनॅलिनची, हे वाचावं लागतं, कारण २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेटमध्ये नॉरॲड्रेनॅलिन फक्त १ मिलिग्रॅम असतं. रुग्णालयाने कंपनी बदलली की नेहमीचं ‘दोन ॲम्प्यूल’ हे गणित चुकू शकतं.

पुस्तकात न सापडणारी गोष्ट नळीची आहे. पंपापासून शिरेपर्यंतच्या नळीत, थ्री-वेत, सेंट्रल लाइनच्या पोकळीत मिळून एखादी मिली जागा असते. तासाला ४.५ मिलीच्या वेगाने ती भरायला तेरा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. पाटाला पाणी सोडलं तरी शेताच्या टोकाला ते लगेच दिसत नाही, तसंच हे. पंपावर ‘चालू’ दिसतंय, पण रुग्णापर्यंत औषध पोहोचलेलंच नाही. घाबरून वेग दुप्पट-तिप्पट केला की औषध पोहोचतं तेव्हा दाब एकदम २०० वर उडतो. म्हणून सिरिंज जोडण्याआधी नळी औषधाने भरून घ्यायची. याच कारणाने नॉरॲडच्या मार्गातून दुसरं इंजेक्शन कधीही द्यायचं नाही. नळीतली ती एक मिली, म्हणजे तेरा मिनिटांचं औषध, एका दाबात हृदयात जाईल. सेंट्रल लाइनचं एक तोंड त्याच्यासाठी राखून ठेवायचं आणि त्यावर ठळक लेबल लावायचं.

सिरिंज बदलणं हा रात्रपाळीतला सर्वांत नाजूक क्षण असतो. औषध पाच मिनिटं थांबलं तर दोन हाफ-लाइफ उलटली, रक्तात पाव उरलं. जास्त मात्रेवर असलेल्या रुग्णाचं हृदय तेवढ्यात थांबू शकतं. दुसरी सिरिंज आधीच भरून, लेबल लावून, दुसऱ्या पंपावर तयार ठेवायची. नवा पंप सुरू करून मगच जुना हळूहळू उतरवत न्यायचा, किंवा आपल्या युनिटमध्ये जी पद्धत ठरली असेल ती तंतोतंत पाळायची. ‘सिरिंज संपत आली’ हा अलार्म वाजेपर्यंत थांबायचं नाही. शेवटच्या पाच मिली उरल्या की तयारी सुरू.

नॉरॲड शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी पांढरी, थंड पडते आणि पुढे काळी होऊन गळून पडू शकते. अशा वेळी कॅन्युला उपटायची नाही. आधी औषध थांबवायचं, त्याच कॅन्युलातून जेवढं ओढता येईल तेवढं ओढून घ्यायचं, डॉक्टरांना हाक मारायची. फेंटोलामाइन हे अल्फा-ब्लॉकर त्या जागी टोचलं तर आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात. औषध दुसऱ्या शिरेतून लगेच चालू करायचं आहे, हेही त्या धांदलीत विसरायचं नाही.

हृदय थांबलं असताना ॲड्रेनॅलिन दर तीन ते पाच मिनिटांनी १ मिलिग्रॅम देतात, त्यामागेही हेच घड्याळ आहे. पण थांबलेल्या हृदयात इंजेक्शन आपण होऊन कुठेच जात नाही, छातीवरचे दाब त्याला पुढे नेतात. म्हणून ॲड्रेनॅलिनमागून २० मिली सलाईन, हात उंच आणि छाती दाबणं अखंड. ब्रिटनच्या रुग्णवाहिका सेवांमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ हजारांवर रुग्ण होते. ॲड्रेनॅलिनच्या गटात महिनाभर जगलेले ३.२ टक्के, सलाईनच्या गटात २.४ टक्के. मेंदू शाबूत राहून घरी जाणाऱ्यांच्या संख्येत मात्र ठोस फरक पडला नाही. या औषधाला मी कमी लेखत नाही. पण क्रॅश कार्टपाशी सगळ्यांचे हात ॲम्प्यूल फोडण्यात गुंतलेले आणि छाती दाबणारा दमलेला, असं दृश्य दिसलं तर सिस्टरने मोठ्याने सांगावं, ‘दुसरा कुणीतरी कॉम्प्रेशनला या.’ कागदावर वेळ लिहिणारं एक माणूसही ठरवूनच ठेवायला हवं.

कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात लाल विंचवाच्या दंशात हीच गोष्ट उलट्या दिशेने घडते. विंचवाचं विष शरीरातल्या स्वतःच्याच ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिनचा पूर सोडतं. हातपाय बर्फासारखे गार, अंगाला दरदरून घाम, दाब चढलेला, आणि मग हृदय थकून फुप्फुसांत पाणी. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात रुजू झालेले आणि पुढे महाडला स्थिरावलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे दंश वर्षानुवर्षं बिछान्याशी बसून पाहिले, नोंदी ठेवल्या, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे अल्फा-ब्लॉकर या पुराला अडवतं, हे त्यांनी दाखवलं आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण अगदी थोडक्यावर आलं. पुढे २०११ मध्ये विंचूदंशाच्या प्रतिविषाची प्राझोसिनबरोबर केलेली त्यांची चाचणी ‘बीएमजे’ने छापली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यातल्या बारकाईने पाहण्यातून जगाच्या वैद्यकाला उपयोगी पडेल असं काही निघू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

प्राझोसिनचं हाफ-लाइफ दोन-तीन तासांचं. म्हणून डोस तीन तासांनी पुन्हा, आणि पुढेही हातपाय गरम, कोरडे होईपर्यंत. इथे परिचारिकेचा तळहात हेच मोजमापाचं यंत्र असतं. औषध दिल्यावर रुग्णाला उठवून बसवायचं नाही, मूल असेल तर आईने त्याला उचलून खांद्यावर घ्यायचं नाही. दाब एकदम कोसळतो. हे आईला दोनदा, तीनदा सांगावं लागतं, कारण रडणाऱ्या लेकराला उचलून घेणं हा तिचा पहिला उमाळा असतो.

महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत असलेलं हृदयाचं औषध म्हणजे जिभेखालची सॉर्बिट्रेट. तिच्या घराण्यातलं मूळ औषध नायट्रोग्लिसरीन. इटलीतल्या आस्कानिओ सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये ते तयार केलं, आणि चव घेताच डोकं ठणकतं अशी नोंद केली. १८७९ मध्ये लंडनचे विल्यम मरेल यांनी ते छातीदुखीवर वापरून दाखवलं. डोकेदुखी आजही होते. रक्तवाहिन्या रुंदावल्याची ती खूण आहे, रुग्णाने तिला घाबरायचं नसतं. शिरेतून चालवताना याचंही आयुष्य दोन-चार मिनिटांचं, म्हणून दाब दर पाच मिनिटांनी. साध्या पीव्हीसीच्या पिशवीला आणि नळीला हे औषध चिकटून राहतं, म्हणून काचेची बाटली आणि योग्य नळी लागते.

नायट्रोग्लिसरीन किंवा सॉर्बिट्रेट देण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि आपल्याकडे तो बहुतेकदा विचारला जात नाही. रुग्णाने सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली आहे का? दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. सिल्डेनाफिलचं हाफ-लाइफ चार तासांच्या आसपास, म्हणून २४ तास नायट्रेट टाळतात. टॅडालाफिलचं सतरा तासांवर, म्हणून ४८ तास. हा प्रश्न मुलगा, सून, भाऊ पलंगाभोवती उभे असताना विचारला तर उत्तर ‘नाही’च येणार. नातेवाइकांना केस पेपर काढायला पाठवावं, पडदा ओढावा, आणि सरळ, साध्या आवाजात विचारावं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वॉर्डांत ॲट्रोपिनची गाठ पडते ती मंद नाडीपेक्षा कीटकनाशकांच्या विषबाधेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हा विषय राज्यभर बोलला गेला. वॉर्डांना तो त्याआधीपासून ठाऊक होता. ऑर्गेनोफॉस्फेट विषात तोंडातून फेस, छातीत घरघर, नाडी मंद, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ॲट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेतात, छाती स्वच्छ होईपर्यंत, नाडी आणि वरचा दाब ८० च्या पुढे जाईपर्यंत, काख कोरडी होईपर्यंत. आपल्याकडची ॲम्प्यूल बहुधा ०.६ मिलिग्रॅमची, त्यामुळे ट्रेमध्ये फोडलेल्या ॲम्प्यूलचा ढीग साचतो. ॲट्रोपिनचं आयुष्य काही तासांचं आणि विषाचं काही दिवसांचं, ही यातली अवघड बाब आहे. संध्याकाळी कोरडा पडलेला रुग्ण पहाटे पुन्हा घरघरू लागतो, आणि ते पहिल्यांदा ऐकते ती रात्रपाळीची सिस्टर. उलट तो बडबडू लागला, अंग तापलं, पोटातले आवाज बंद झाले, तर ॲट्रोपिन जास्त झालं आहे. अशा रुग्णाला आवरण्यासाठी नुसते हात बांधले तर मूळ कारण तसंच राहतं.

तासांच्या आयुष्याचं आणखी एक औषध हेपारिन. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅकलीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणाऱ्या पदार्थाच्या शोधात होता आणि त्याला गोठू न देणारा सापडला. संशोधनाची सुरुवात विद्यार्थ्याच्या प्रामाणिक नोंदीतून झाली. हेपारिनचं हाफ-लाइफ तास-दीड तासाचं, म्हणून वेग बदलल्यावर एपीटीटी सहा तासांनी पाठवतात. आधी पाठवलं तर चढत्या किंवा उतरत्या पातळीचा आकडा मिळतो, आणि त्यावरून पुन्हा वेग बदलला की गोंधळ वाढतो. उतारा प्रोटामिन, १ मिलिग्रॅमने साधारण १०० युनिट निष्प्रभ होतात. आपल्याकडे हेपारिनच्या पाच मिलीच्या दोन बाटल्या मिळतात, एकीत ५,००० युनिट, दुसरीत २५,०००. दिसायला सारख्या. २००७ मध्ये अमेरिकेत अभिनेता डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना अशाच सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांमुळे हजारपट हेपारिन दिलं गेलं. बाळं वाचली. हेपारिन काढताना दुसऱ्या सिस्टरला बाटली दाखवून मोठ्याने वाचून घ्यायची, मग ती कितीही कामात असो.

असाच घात पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्यूलने होऊ शकतो. तिथे प्रश्न आयुष्याचा नसून वेगाचा असतो. दहा मिलीत २० मिलीइक्विव्हॅलंट, प्लास्टिकची ॲम्प्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवली तर ओळखू येत नाही. थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, आणि ते परत सुरू करणं अवघड असतं. अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेने १९९८ मध्ये धोक्याचे इशारे काढायला सुरुवात केली, त्यातला पहिलाच इशारा याच औषधाबद्दल होता. नेहमीच्या शिरेतून तासाला १०, मॉनिटर आणि सेंट्रल लाइन असेल तर फार तर २०, तेही पातळ करूनच. ही ॲम्प्यूल वेगळ्या, कुलूपबंद खणात असावी, आणि विद्यार्थ्याने ती इतर ॲम्प्यूलबरोबर ट्रेमध्ये पाहिली तर उचलून इन्चार्ज सिस्टरकडे द्यावी.

हाफ-लाइफ सगळं सांगत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. ॲस्पिरिन रक्तात वीस मिनिटांतच निम्मं होतं. पण तेवढ्यात ते प्लेटलेटच्या एका एन्झाइमला कायमचं निकामी करून जातं. प्लेटलेट नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, म्हणून परिणाम तिच्या आयुष्याएवढा, सात ते दहा दिवस टिकतो. हार्ट अटॅकच्या रुग्णाला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून खायला सांगतात ते लवकर रक्तात उतरावं म्हणून. १९८८ च्या एका चाचणीत सतरा हजारांवर रुग्णांत दिसलं की ॲस्पिरिनने हृदय-रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू जवळजवळ पाव हिश्श्याने कमी होतात, आणि स्ट्रेप्टोकायनेज जोडलं तर घट ४२ टक्क्यांवर जाते. या एवढ्या स्वस्त गोळीची वेळ चार्टवर लिहिलेली नसते, हे पाहिलं की वाईट वाटतं. रेफर होऊन आलेल्या रुग्णाला ती आधी दिली की नाही, यावरून मग फोनाफोनी होते.

डिगॉक्सिनचं आयुष्य दीड ते दोन दिवसांचं, आणि मूत्रपिंडं थकलेली असतील तर त्याहून बरंच लांबतं. इंग्लंडचे विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लव्ह या झाडाबद्दल पुस्तक लिहिलं, त्याच झाडांच्या कुळातलं हे औषध. गोळी देण्याआधी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. साठच्या खाली असतील तर गोळी हातात ठेवून डॉक्टरांना विचारायचं. मनगटावर पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही, कारण हे रुग्ण बहुधा एट्रियल फिब्रिलेशनचे असतात आणि प्रत्येक ठोका मनगटापर्यंत पोहोचतच नाही. लॅसिक्समुळे पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनचं विष चढतं. सुरुवात जेवण नकोसं होण्याने, मळमळीने होते. पुढे कधी दिसणाऱ्या वस्तू पिवळसर होतात. आजी जेवत नाहीत म्हणून सून वैतागलेली असते. त्या न जेवण्याची बातमी फाइलमध्ये जायला हवी.

आणि शेवटी अमिओडॅरोन. हे ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच चालवायचं, लहान शिरेतून दिलं तर शीर सुजते. लोडिंग डोसशिवाय याचं काम दिसत नाही, कारण याचं हाफ-लाइफ सरासरी दोन महिन्यांच्या घरात आहे, काही रुग्णांत त्याहूनही पुष्कळ जास्त. ते चरबीत, यकृतात, फुप्फुसांत साठून राहतं. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडिन असतं, त्यामुळे थायरॉइड दोन्ही दिशांनी बिघडू शकतो. डिगॉक्सिन आणि वॉर्फरिनची पातळी ते वाढवतं, म्हणून त्या दोन्हींच्या मात्रा कमी कराव्या लागतात. औषध बंद होऊन दोन महिने झाले तरी अंगात निम्मं शिल्लक असतं. म्हणून भरती करून घेताना ‘सध्या काय गोळ्या चालू आहेत’ एवढं विचारून भागत नाही. ‘गेल्या वर्षभरात हृदयाच्या ठोक्यांसाठी काही घेतलं होतं का, जुनी चिठ्ठी घरी आहे का’ असंही विचारावं. डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर लिहावं आणि घरच्यांना वाचून दाखवावं की खोकला किंवा दम वाढला तर लगेच यायचं, थायरॉइडची तपासणी सहा-सहा महिन्यांनी करायची, आणि गोळी बंद झाल्यावरही वर्षभर करत राहायची.